आदेश देणाऱ्याचं नाव

“हा अंगठा बघा,” असं म्हणून आक्काताईंनी उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. “आणि आता बाकीची बोटं बघा.”

खंडेनवमीचा दिवस होता, रविवार, दुपारचा एक वाजून गेलेला. कारखान्यातली पूजा आटोपून सगळे घरी पांगले होते आणि मीही पर्स उचलून निघालेच होते. मी हात बघितला. चार बोटं आणि तळवा गंजानं, तेलानं काळाकुट्ट. अंगठा मात्र नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखा लख्ख.

“सकाळी आमच्या ह्येंची साच्याची थापी घासत बसलो हुतो, पुजंला मांडायची म्हणून. अंगात ताप. पुतण्यानं चाबरोबर गोळी दिली. म्हणाला, काकी, खा आणि पड जरा. तितंच भितीला टेकलो, तर डोळाच लागला. उठून बघतो तर ह्यो एकटाच अंगठा धुतलेला. मी न्हाई धुतला. मग कुणी धुतला, बाई?”

“पुतण्या कुठंय आता?”

“गेला गाडी काढून बेळगावला. माझा फोन चुलीम्होरं पडलेला. त्यात कायतरी आलंय म्हणून बसमधी कंडक्टरला वाचाय दिलं. त्यो म्हणाला, मावशे, तुजं पाचशे शेअर गेलं.” त्यांनी फोन पदराच्या गाठीतून सोडून माझ्यासमोर ठेवला. “कुठं गेलं? तुमी म्हणाला हुता, साखळीतनं काय जात न्हाई.”

म्हणाले होते खरी.

मी तेव्हा कोल्हापूरजवळच्या वाघजाई कास्टिंग्जची कंपनी सेक्रेटरी होते. सेक्रेटरी म्हटलं की लोकांना साहेबांची पत्रं टाइप करणारी बाई डोळ्यांसमोर येते. तसं नसतं ते. कंपनीचा कायदा सांभाळायचा आणि चूक झाली की सगळ्यांच्या आधी आपली मान पुढं करायची, ही खरी नोकरी. दोन वर्षांपूर्वी आम्ही शेअरच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या मुंबईच्या नियामकाकडून एक प्रयोग करायची परवानगी आणली होती. कारखान्याच्या शेअरची वही कागदावर न ठेवता ब्लॉकचेनवर ठेवायची. म्हणजे एकच वही एकाच वेळी अकरा ठिकाणच्या कॉम्प्युटरवर, तिच्यातलं पान कुणाला फाडता येत नाही की ओळ खोडता येत नाही. कामगार तिला नुसतं साखळी म्हणायचे. मोबाइलवर अंगठा टेकवला की शेअर एका नावावरून दुसऱ्या नावावर. अर्ज नको, तिकीट नको, माझ्या टेबलावर महिनाभर धूळ खाणं नको. त्या दिवशी पेढे वाटले होते, आणि ते मीच आणले होते.

जुन्या पद्धतीत त्याच धुळीचा एक उपयोग असायचा, हे मात्र तेव्हा कुणाला सुचलं नाही. शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा कागद आला आणि सही जरा वाकडी दिसली, तर आम्ही मूळ मालकाला पत्र टाकायचो. बाबा रे, तुझे शेअर चाललेत, ठाऊक आहे ना? पंधरा दिवस वाट बघायचो. त्या पंधरा दिवसांत कितीतरी पुतणे उघडे पडायचे.

मी लॅपटॉप उघडला. सकाळी पावणेदहाला आक्काताईंच्या फोनवरून, आक्काताईंच्या अंगठ्यानं, पाचशेच्या पाचशे शेअर त्या पुतण्याच्या, दिगंबर सुतारच्या, नावावर गेले होते. त्यानं ते लगेच विकायला काढले होते आणि पुण्यातल्या कुणाची तरी बोलीही लागली होती. एवढंच नशीब की नावावर आलेला शेअर आठ तास पुढं विकता येत नाही, असा एक अडसर आम्ही घातला होता. पावणेदहाचे आठ तास म्हणजे पावणेसहा. पावणेसहा वाजले की साखळी आपणहून व्यवहार पुरा करणार. तिला रविवार नाही, नवमी नाही, दसरा नाही. आणि ज्यानं काही ठाऊक नसताना चोख पैसे मोजून शेअर घेतले, त्याच्याकडून ते परत मागायचे म्हणजे सत्तरीच्या बाईनं उरलेलं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर काढायचं.

हे सगळं मी त्यांना सोपं करून सांगितलं.

“बाई, मला मूलबाळ न्हाई,” त्या म्हणाल्या. “दिराच्या घरात ऱ्हातो. शेअर हायती तवर ताटात भाकरी पडती. शेअर गेलं की सांजच्यालाच माजं बोचकं भाईर. पर ते ऱ्हाऊ द्या. भाकरी काय, कुठं बी मिळंल. ते शेअर म्हंजे माजा माणूस हाय. त्येच्या बदल्यात मिळाल्यात ते.”

गणपती सुतार हे नाव कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. साचे घालण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. बावीस वर्षांपूर्वी वितळलेलं लोखंड नेणारी लॅडल फुटून ते गेले. तेव्हा कारखाना कर्जात बुडालेला, भरपाई द्यायला गल्ल्यात दमडी नव्हती, म्हणून मालकांनी बाईला शेअर दिले. एवढी हकीकत मला माहीत होती. बाकीची त्या संध्याकाळी कळली.

शेअर जागच्या जागी गोठवायची सोय साखळीत होती. पाच जणांकडे पाच किल्ल्या. बोटाएवढी काळी यंत्रं, प्रत्येक आपापल्या माणसाच्या बोटाशिवाय न उघडणारं. पाचांतल्या तिघांनी सही केली की शेअर हलायचे बंद. पण परवानगीत दोन अटी होत्या. किल्ल्या पाच वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, ही पहिली. दुसरी, कोर्टाच्या, न्यायाधिकरणाच्या किंवा नियामकाच्या लेखी आदेशाशिवाय काहीएक गोठवायचं नाही.

दुसरी अट माझी. मुंबईच्या लोकांनी मागितली नव्हती, मीच भांडून अर्जात घातली होती. कारण आमचे मालक अप्पासाहेब शिंत्रे. माणूस मनाचा मोठा, पण रागावला की नागासारखा डूख धरणारा. संपाच्या वर्षी युनियनच्या लोकांचे शेअर त्यांनी सहा-सहा महिने नावावर करू दिले नव्हते. गोठवायचं बटण अशा माणसाच्या हाती मोकळं द्यायचं? म्हणून मी त्याला कायद्याचं कुलूप घातलं. आक्काताईंसारख्यांच्याच भल्यासाठी घातलं होतं ते.

मुंबईला फोन लावला. कचेरी मंगळवारी उघडेल, असं एक गोड आवाजाची बाई मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगत राहिली. न्यायाधिकरण बंद, कोर्ट बंद. शेवटी आमचा प्रयोग बघणारे अधिकारी, नलावडे, यांचा घरचा नंबर शोधून काढला. मागं पोरांचा गोंधळ ऐकू येत होता.

“मॅडम, मला वाईट वाटतं,” सगळं ऐकून ते म्हणाले. “पण तोंडी आदेश मी देऊ शकत नाही, लेखी द्यायला माझ्याकडं आज शिक्का नाही, फाइल नाही, वरिष्ठ नाहीत. मंगळवारी अर्ज करा.”

“मंगळवारी काय राहणार आहे, साहेब?”

“अट तुमचीच आहे. पहिल्याच वेळी तुम्हीच मोडलीत, तर उद्या देशातला प्रत्येक मालक म्हणेल, आम्हीही दयाबुद्धीनं गोठवलं. मग लोकांनी साखळीवर विश्वास कशाला ठेवायचा? हात लावू नका.” मग त्यांनी विचारलं, “किल्ल्या पाच ठिकाणी आहेत ना?”

“हो,” मी म्हणाले.

साफ खोटं बोलले. पाचही किल्ल्या त्या घटकेला माझ्यापासून पन्नास पावलांवर, एकाच पाटावर, झेंडूच्या फुलांखाली होत्या.

त्याचं असं झालं होतं. खंडेनवमीला कारखान्याची भट्टी थंड असते. लॅडल, हातोडे, पाने, साच्यांच्या लाकडी प्रती, सगळं धुऊनपुसून मोठ्या हॉलमध्ये मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, कोहळा फोडायचा. एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी उचलायचं नाही. आदल्या दिवशी अप्पासाहेबांचा फोन आला. “बाई, कारखान्याची खरी हत्यारं आता त्या किल्ल्या. त्या नकोत का पूजेत?” मी अट सांगायला हवी होती. सांगितली नाही. सणासुदीला कुठं वाद घालायचा, शिवाय दुसऱ्याचं बोट लागल्याशिवाय किल्ली उघडत नाही, मग बिघडलं कुठं, अशी मनाची समजूत काढली. ऑडिटर तिरुपतीला निघाले होते, वकीलसाहेब गोव्याला. जाता जाता दोघंही किल्ली ठेवून गेले. माझी मी कपाटातून काढून आणली आणि वर झेंडूचं फूलही ठेवलं.

उरलो तिघं. अप्पासाहेब, मी आणि कामगारांच्या वतीनं किल्ली असलेले युनियनचे यशवंत पोवार. तिघांची सही पुरेशी होती. पण साखळी सहीबरोबर वेळ आणि ठिकाणही लिहून ठेवते. एकाच हॉलमधून मिनिटा-मिनिटाच्या अंतरानं तीन सह्या पडल्या की आम्ही किल्ल्या कुठं ठेवल्या होत्या, हे पाटीवर लिहून गळ्यात अडकवल्यासारखं होतं. आदेश नाही ते वेगळंच. कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करायची माझी सनद जाणार होती. घरी शिकणारी मुलगी आणि दोन वर्षं बिनपगारी बसलेला नवरा होता. खोटं कशाला सांगू, चार वाजेपर्यंत मी काही केलं नाही. नुसती त्या बाईसमोर बसून राहिले, दोनदा चहा केला. तिनं एकदाही घाई केली नाही. अंगठा तेवढा पदरानं पुसत राहिली, पुसायला काही नव्हतं तरी.

तो पुसणारा हात मला शेवटी बघवेना. मी दोघांना फोन केले.

पोवार पाचच्या सुमारास मोटरसायकलवरून आले. अप्पासाहेब मागच्या बंगल्यातून काठी टेकत आले. पंचाहत्तरी उलटलेली, सकाळच्या पूजेचं गंध तसंच कपाळावर. आक्काताई हॉलच्या पायरीवर बसल्या होत्या, त्यांना बघून अप्पासाहेबांनी मान खाली घातली आणि आत गेले. मी दोघांना सगळं सांगितलं.

“दिग्याचा मुडदा बशिवला,” पोवार म्हणाले. “पर म्याडम, गोठवायचं म्हंजे कशाच्या जोरावर? कागद कुठाय?”

“कागद नाही.”

“मग न्हाई जमायचं. आक्काताई मला थोरल्या भनीसारखी. पर ही अट आमच्यासाठी घातलीसा तुमी. आमी धा वरसं शेअरसाठी ह्येंच्या दारात हेलपाटं मारल्यात.” त्यांनी अप्पासाहेबांकडं बोटही केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. “आज आक्काताईसाठी बिनकागदाचं गोठवलं, तर उद्या माजं गोठवाय कागद लागंल व्हय?”

नलावडेही तेच म्हणाले होते, फक्त त्यांनी ते शुद्ध मराठीत म्हटलं होतं.

“ते पुढचं पुढं,” अप्पासाहेब म्हणाले. “मुळात किल्ल्या उचलायच्या नाहीत. पूजेत बसल्यात त्या.”

“अप्पासाहेब, पावणेसहाला सगळं संपणार आहे. देवाला नंतर हात जोडू.”

“काय बोलालाय तुम्ही!” त्यांनी काठी आपटली. हॉल केवढा मोठा, आवाज घुमून परत आला. “तुम्ही तेव्हा नव्हता इथं. मी होतो. परदेशची ऑर्डर होती, जहाज चुकलं असतं तर कारखान्याला टाळं. खंडेनवमीच्या दुपारी मी हीच हत्यारं पूजेतनं उचलायला लावली. भट्टी पेटवली. कुणी हात लावायला तयार नव्हतं. गणपती तेवढा पुढं आला.”

गणपती सुतार गेले तो दिवसही खंडेनवमीचाच होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“तो म्हणाला, मालक, घरी विचारून येतो. सणाचा दिवस आहे, ती वाट बघत असेल. मी म्हणालो, तिला रे काय विचारायचंय? चल.” अप्पासाहेब काठीवर वाकले. “रात्री त्याला तिच्या दारात नेला तेव्हा चुलीवर पुरण होतं. त्या दिवसापास्नं ह्या हॉलमधला खिळासुद्धा मी दसऱ्याच्या आधी उचलू दिला नाही. ती शेअर घालवून बसली तर मी माझ्या खिशातनं देईन तिला. दुप्पट देईन. पण हे नाही करणार. परत नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. एक जण देवाला भ्यालेला, एक जण मालकाला भ्यालेला आणि मी माझ्या सनदेला. तिघंही आपापल्या जागी खरे होतो आणि बाहेर पायरीवर ती बाई बुडत होती. मला रडू फुटलं. रागाचं होतं की हतबलतेचं, ते आजही सांगता यायचं नाही.

तेवढ्यात आक्काताई आत आल्या. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या. आमच्याकडं न बघता त्या थेट पाटाशी गेल्या, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसल्या आणि हात जोडले.

“आक्काताई, थांब,” अप्पासाहेब म्हणाले.

“मालक, तुमी दुप्पट द्याल. मला ठावं हाय.” त्यांनी मागं वळून बघितलं नाही. “पर तवा बी तुमीच ठरिवलं, त्येंनी हत्यार उचलायचं. मग तुमीच ठरिवलं, पैशाबदली शेअर द्यायचं. आज सकाळी पुतण्यानं ठरिवलं. आता तुमी तिघं बसून ठरवालाय. मला इचारलंय का कुणी? तवा बी न्हाई आणि आता बी न्हाई.”

मग त्या आमच्याकडं वळल्या.

“मला इचारा की.”

मी विचारलं. मलाच विचारायला हवं होतं. डोळे पुसले आणि म्हणाले, “आक्काताई, शेअर गोठवायचे का?”

“गोठवा.”

“आणि ही हत्यारं उचलायची?”

“दोष लागायचा आसंल तर मला लागू दे. माजं जायाचं ते कवाच गेलंय.” एवढं बोलून त्यांनी झेंडूचं फूल बाजूला सारलं, त्या काळ्या हातानं एक किल्ली उचलली, पदरानं कुंकू पुसलं आणि वर धरली. “ही कुणाची?”

“माझी,” मी म्हणाले.

दुसरी वकीलसाहेबांची निघाली, ती खाली ठेवली. तिसरी अप्पासाहेबांची. आक्काताई उठल्या, त्यांच्यासमोर गेल्या आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवून वरून मूठ मिटवली. “घ्या, मालक. आवंदा मला इचारलंय, मी दिलीया,” त्या म्हणाल्या. अप्पासाहेब ढसाढसा रडले. त्या हॉलमध्ये तोवर त्यांना कुणी रडताना बघितलं नव्हतं.

मी लॅपटॉप मोल्डिंगच्या टेबलावर ठेवला. पाच अठ्ठावीस. माझी सही झाली. यंत्राच्या फटीत कुंकू गेलं होतं, अप्पासाहेबांचं बोट ते घेईना. ओलं करून, पुसून, तिसऱ्या वेळी घेतलं. पाच बत्तीस. मग पडद्यावर एक चौकट आली.

“आदेश देणाऱ्याचं नाव.” ही जागा भरल्याशिवाय तिसरी सही घ्यायची नाही, असं साखळीला शिकवलेलं. ही चौकटसुद्धा मीच सुचवलेली. आपणच विणलेल्या जाळ्यात आपलाच पाय.

“लिहा की न्यायाधिकरण म्हणून,” अप्पासाहेब डोळे पुसत म्हणाले. “मंगळवारी आणू आदेश. दोन दिवस मागं-पुढं, कोण बघतंय?”

माझी बोटं तिकडं वळलीही होती. दुपारी फोनवर एकदा खोटं बोलून झालंच होतं. एकदा बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही.

“म्याडम,” पोवार म्हणाले. ते अजून दाराशीच उभे होते, हाताची घडी घालून. “तितं ल्हिलेलं पुसता येत न्हाई, आसं तुमीच शिकिवलंय आमाला. मी सही करीन. आक्काताई म्हणाली तितंच माजं मन फिरलं. पर त्या चौकटीत खोटं न्हाई पायजे. खरं आसंल ते लिवा. मग हुतंय त्यात माजा बी वाटा.”

“खरं लिहिलं तर आपण तिघंही अडकतो.”

“आडकू की.”

पाच सदतीस. मी लिहिलं. फार लांब नव्हतं, तीन शब्द. आक्काताईंनी पाटावरून उचलून दिलेली आपली किल्ली घेऊन पोवार टेबलापाशी आले, पडद्यावर वाकून त्यांनी ते वाचलं. मग आक्काताईंकडं बघितलं, परत पडद्याकडं बघितलं आणि आपल्या किल्लीवर बोट टेकवलं.

पाच एकेचाळीसला शेअर गोठले. पावणेसहाला पुण्याची बोली आली, आपटली आणि परत गेली. आक्काताईंना काही दिसलं नाही. “झालं?” त्यांनी विचारलं. झालं म्हटल्यावर त्यांनी किल्ल्या एकेक करून होत्या तशा पाटावर मांडल्या आणि झेंडूची फुलं परत वर ठेवली.

मंगळवारी सकाळी कचेरी उघडताच मी स्वतःच सगळं लिहून पाठवलं, पाटासकट आणि झेंडूसकट. पुढं काय झालं ते सांगण्यात फार गोडी नाही. आमची परवानगी रद्द झाली. अप्पासाहेबांना दंड झाला, तो त्यांनी लगेच चेक फाडून भरला. पोवारांना ताकीद मिळाली. माझी सनद दोन वर्षं काढून घेतली. ती दोन वर्षं मी राजारामपुरीत लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरून काढली, मुलीची फी तिच्या मामानं भरली. आक्काताईंचं बोचकं बेळगावहून परतलेल्या पुतण्यानं त्या रात्रीच दाराबाहेर टाकलं होतं, शेअर वाचले तरी त्यांचं भाकीत खरंच ठरलं. कारखान्याच्या कँटीनमागच्या खोलीत त्या राहिल्या, बोचक्यात ती थापीही होती. न्यायाधिकरणानं शेअर त्यांचे त्यांना परत द्यायला तेरा महिने घेतले. ते तेरा महिने शेअर जागचे हलले नाहीत.

पण मला आठवते ती मुंबईतली चौकशी. एसीनं गारठलेली खोली, लांब टेबल, पलीकडं तिघं आणि मधोमध नलावडे. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही.

“त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, किल्ल्या पाच ठिकाणी आहेत ना. तुम्ही हो म्हणालात.”

“खोटं बोलले.”

“आदेश नव्हता.”

“लेखी नव्हता.”

त्यांनी समोरचा कागद उचलला. साखळीवरची ती नोंद छापून आणली होती. सह्या, वेळा, ठिकाण, सगळं. चौकटीतल्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं.

“इथं तुम्ही आदेश देणाऱ्याचं नाव लिहिलंय. आक्काताई गणपती सुतार.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “आम्ही सगळ्या याद्या तपासल्या. कोर्टात, न्यायाधिकरणात, आमच्याकडं, या नावाच्या कुणी अधिकारी नाहीत. कुठल्या खात्याच्या या?”

“कुठल्याच नाही, साहेब,” मी म्हणाले. “शेअर त्यांचे आहेत.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. शेजारचा माणूस काहीतरी बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. मग त्यांनी त्या तीन शब्दांवरून बोट फिरवलं.

“हे आता खोडता येणार नाही,” ते म्हणाले.